उजव्या कोपऱ्यातली ओळ

मारेगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "दुकानवाले कुठं गेले?" कुठे गेले नाहीत, समोरच बसलेत, असं मी सांगते. मग मशीन टेबलावर येतं खरं, पण गिऱ्हाइकाचा हात त्यावरून निघत नाही. सुरुवातीच्या वर्षांत हा हात निघायला दोन-तीन फेऱ्या लागायच्या. आता दहा मिनिटांत निघतो. प्रगती आहे.

या बावीस वर्षांत मी काय काय दुरुस्त केलं त्याची यादी इथे देत नाही. की-बोर्डातून तूरडाळ काढली आहे, सीपीयूतून पालीचं सगळं कुटुंब काढलं आहे, आणि 'आपोआप बंद पडलेल्या' लॅपटॉपमधून चहा तर इतका काढला आहे की त्यात एखादी टपरी चालली असती. पण मला लिहायचं आहे ते एका ओळीबद्दल. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, फिक्या अक्षरांत ती असते, इंग्रजीत. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे. 'ही प्रत अस्सल नाही' एवढाच तिचा अर्थ. ती सगळ्यांनी पाहिलेली असते आणि कुणीही वाचलेली नसते.

आमचे गजाननभाऊ घ्या. बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. जूनमध्ये शेतकरी आला की ते पिशवी उलटी करून दाखवतात, "हे चमकणारं चित्र पाहून घेत जा, बोगस बियाणं लय आलं बाजारात." एकदा त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. पंखा बदलला, धूळ काढली, आणि अंगात खाज म्हणून कोपऱ्यातली ती ओळही दिसेनाशी करून टाकली. दुसऱ्या दिवशी भाऊ तणतणत हजर.

"ताई, थे खालचं लिव्हलेलं कुठं गेलं?"

"काढलं मी."

"कायले काढलं? थे कंपनीचं होतं ना! आता याले ओरिजनल कसं म्हनाव?"

मी त्यांना त्या ओळीचा अर्थ सांगितला. भाऊंनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पन सगळ्याइच्या कॉम्प्युटरवर हाय. मंग माह्याच कॉम्प्युटरवर काहून नाई?"

मी ओळ परत आणून दिली. समाधानाने गेले.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. कॉम्प्युटर म्हणजे रिकामं घर. त्यात भांडीकुंडी आणावी लागतात: पत्र लिहायचं एक, हिशेब मांडायचं एक, फोटो गोरा करायचं एक. यांना प्रोग्राम म्हणतात. गिऱ्हाईक मात्र नावं सांगत नाही. ते म्हणतं, "सगळं टाकून द्या." ऑफिसचं टाका, फोटोचं टाका, मराठीचं टाका, व्हायरसचं टाका. व्हायरसचं म्हणजे व्हायरस मारायचं, हे मी समजून घ्यायचं. यातले बरेच प्रोग्राम विकतचे असतात आणि विकत कुणालाच नको असतात. मग माझ्यासारख्यांच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात तेच विकतचे प्रोग्राम, पण कुलूप फोडलेले. कुणी फोडले, कुठल्या देशात फोडले, आणि एवढी मेहनत त्या भल्या माणसाने आपल्यासाठी कशासाठी घेतली, हे आम्ही विचारत नाही. सोबत एक सूचनांचा कागद येतो. त्यातली पहिली सूचना कायम एकच: व्हायरस पकडणारा प्रोग्राम आधी बंद करा. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून घरधन्यानेच कुत्रं बांधून ठेवायचं. मी हजारदा बांधलं असेल.

आता यातली खरी गंमत अशी की याच सगळ्या कामांसाठी फुकट आणि राजरोस मिळणारे प्रोग्रामही जगात आहेत. लोकांनी मिळून लिहिलेले, कुणीही घ्यावेत, वापरावेत, दुसऱ्याला द्यावेत असे. मी एकदा यवतमाळला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्यात हे कळलं. परत येताना एसटीत माझ्या डोक्यात नुसते दिवे लागले होते. वाटलं, आपण तालुका सुधारणार. ज्याच्यावर बोधचिन्ह म्हणून पेंग्विन असतो ती लिनक्स नावाची अख्खी व्यवस्था मी दुकानातल्या मशीनवर बसवली आणि येईल त्याला दाखवायला लागले.

"हे कोनाचं हाय?" लोक विचारायचे.

"कुणाचंच नाही. सगळ्यांचं आहे."

"आन् कितीचं?"

"फुकट."

इथे चेहरा पडायचा. "फुकट हाय म्हनता, मंग काहीतरी खोट असनच. थे बदकवालं राहू द्या तुमच्याचपाशी. आम्हाले थो महागवाला टाकून द्या."

पेंग्विनला आमच्याकडे बदक म्हणतात. महागाचं चोरून दिलं तर माणसाला वाटतं आपण कमावलं, आणि फुकटचं हक्काने दिलं तर वाटतं आपल्याला कुणीतरी फसवतंय. मी दोन महिने बदकाचा प्रचार केला. दोन महिन्यांत फक्त एक माणूस तयार झाला, तोही त्याचा कॉम्प्युटर तसाही चालत नव्हता म्हणून. मग मीही दुकानातल्या मशीनवरून बदक काढलं आणि पेन ड्राइव्ह परत खिशात घातला. तत्त्वाचं दुकान थाटायला आधी दुकान चालावं लागतं, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

ब्राउझरची तऱ्हा तर विचारूच नका. ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहायची खिडकी. एका घराला चार खिडक्या असाव्यात तशा त्या असतात, सगळ्या फुकट, आणि बाहेरचं दृश्य एकच. पण आमच्याकडे लोक त्यांना चित्रावरून ओळखतात: निळा ई, रंगीत चकती आणि कोल्हा. "माह्या कोल्ह्यात नेट येते, चकतीत नाई येत," अशी तक्रार घेऊन एक बाई वीस किलोमीटरवरून आल्या होत्या. एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मुनीमजींनी दिसेल तिथे 'हो' दाबून पडद्यावर जाहिरातींच्या पट्ट्यांचे इतके थर जमवले होते की मूळ पान चार बोटं उरलं होतं. ते त्या चार बोटांतून सरकारी परिपत्रकं वाचायचे आणि मला म्हणायचे, "आजकाल परिपत्रकं लय लांब काढून राह्यले."

आणि एक निवृत्त तलाठी. कुठल्याशा पानाने विचारलं, 'तुम्हाला वेळोवेळी सूचना पाठवू का?' तलाठीसाहेबांनी आयुष्यभर सूचना पाळलेल्या. दाबलं 'हो'. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी कोपऱ्यातून एक बाई डोकावायची आणि आपल्या एकटेपणाबद्दल कळवायची. घरात सून, नातवंडं. तलाठीसाहेब लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, मी इले बलावलं नाई जी."

माझं मत विचाराल तर सांगते. खिडकी कुठलीही घ्या, पण जी कमीत कमी प्रश्न विचारते ती घ्या, आणि विचारलंच तर 'नाही' म्हणायला शिका. आमच्याकडे 'नाही' म्हणणं उर्मटपणाचं समजतात. जेवलात का विचारलं तरी हो, आणि तुमचं ठिकाण, कॅमेरा, फोनमधली सगळी नावं आम्ही पाहू का विचारलं तरी हो. मी कोल्हा वापरते. तो गुणाचा आहे म्हणून. पण गिऱ्हाइकाला मी रंगीत चकतीच द्यायचे, कारण कोल्हा दिला की परत यायचे, "इंटरनेट काढून टाकलं तुम्ही." एवढंच माझ्या मतांचं वजन.

वजनावरून आता खोब्रागडे साहेबांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

साहेब वजनमापांचे निरीक्षक होते, आता निवृत्त. बत्तीस वर्षं किराणा दुकानांपासून कापसाच्या मोठ्या काट्यांपर्यंत सगळं तपासलं. लोखंडी वजनाच्या बुडाला शिशाचा एक ठिपका असतो, त्यावर दर वेळी सरकारी शिक्का मारतात. तो नसेल तर वजन खोटं धरायचं, मग ते खरं का असेना. या नोकरीचा परिणाम असा झाला की साहेबांना कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती उलटी करतात. मी त्यांना पहिल्यांदा चहा दिला तेव्हा त्यांनी कप रिकामा झाल्यावर उलटा करून पाहिला होता.

राजूरला दिलेल्या त्यांच्या लेकीने, मीनाक्षीने, त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. ती तिथे शाळेत शिकवते. साहेबांना पुस्तक लिहायचं होतं: कापूस विकताना काटा कसा बघावा. वजनात मारायच्या एकेचाळीस तऱ्हा त्यांनी नोकरीत पकडलेल्या, त्या शेतकऱ्यांसाठी साध्या भाषेत मांडायच्या. लॅपटॉप कोराच होता. मी नेहमीप्रमाणे पेन ड्राइव्ह लावला, कुत्रं बांधलं, सगळं टाकलं, चकतीसोबत या वेळी माझा कोल्हाही. साहेब खुर्चीवर ताठ बसून बघत होते. झाल्यावर म्हणाले, "मंदाताई, याची मुद्रा कुठं आहे?"

"कसली मुद्रा?"

"हे खरं आहे, माझ्याकडे ते वापरायचा परवाना आहे, हे कुठं दिसते?"

दुकानात आणखी तीन माणसं थांबली होती. खरं सांगत बसले असते तर पाऊण तास गेला असता आणि साहेब लॅपटॉपसकट उठून गेले असते. तेव्हा मी काय केलं ते सांगते. प्रोग्राम बसवताना एक चौकट येते, 'परवानाधारकाचं नाव'. त्यात काहीही लिहिता येतं. मी तिथे इंग्रजीत त्यांचं नाव टाइप केलं आणि माहितीची खिडकी उघडून दाखवली. वर प्रोग्रामचं नाव, खाली 'परवानाधारक' आणि त्यापुढे ठळक अक्षरांत, खोब्रागडे.

"हे बघा साहेब. तुमच्याच नावावर आहे."

साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं. चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी बरंच वाटलं. निघताना मी सांगितलं, "याला इंटरनेट जोडू नका, व्हायरस येतो." व्हायरस येत नसतो. इंटरनेट जोडलं की प्रोग्राम आपल्या कंपनीला विचारतो, मी खरा का खोटा, आणि कंपनी खरं ते सांगते.

तीन वर्षं साहेब लिहीत होते. समासाचं काही अडलं, तक्ता सरकला, की दुकानात यायचे आणि काम होईपर्यंत मला एखादी तऱ्हा सांगायचे. त्यातली एक माझ्या फार आवडीची. कापसाची भरली गाडी काट्यावर चढते तेव्हा ड्रायव्हरला प्रेमाने म्हणायचं, या, उतरा, पाणी प्या. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली की म्हणायचं, बसूनच राहा, एका मिनिटाचं काम आहे. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा होतं. रिकाम्या गाडीत जेवढी माणसं बसली, तेवढा कापूस गेला.

"कोणी चोरी केल्यासारखं वाटते का यात?" साहेब विचारायचे. "कोणालेच नाही वाटत. ड्रायव्हरले त् पाहुणचार झाल्यासारखा वाटते."

पुस्तक होत आलं तेव्हा गावातल्या काही मंडळींनी एका मंगल कार्यालयात साहेबांचं भाषण ठेवलं. छपाईच्या आधी लोकांसमोर एकदा बोलावं म्हणून. मोठा पडदा, प्रोजेक्टर. मागे शेतकरी, बायाही बऱ्याच, आणि पुढच्या दोन रांगांत व्यापारी. त्यातल्या काहींना साहेबांनी कधीकाळी खोट्या काट्यासाठी पकडलेलं. ते आले होते ते ऐकायला नव्हे, बघायला. मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पुस्तकाच्या मजकुराचे प्रिंटरवर काढलेले कागद घेऊन.

भाषण झकास चाललं होतं. मागून हसू येत होतं, पुढे शांतता होती. दहावी की अकरावी तऱ्हा चालली असताना एका संयोजकाला उत्साह आला. "साहेब, आजचा कापसाचा भाव पडद्यावरच दाखवू ना!" त्याने आपल्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट जोडून दिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोल्हा का चकती?" मी काही बोलायच्या आत त्यांनी कोल्हा उघडला. कोल्ह्याने बिचाऱ्याने भाव बरोबर दाखवला.

पण तेवढ्यात प्रोग्राम तीन वर्षांनी कंपनीशी बोलला.

पाच-सात मिनिटांनी लिखाणाच्या पानावर आडवी लाल पट्टी आली. मग पडद्याची पार्श्वभूमी काळी झाली आणि उजव्या कोपऱ्यात ती ओळ उगवली. दुकानात ती करंगळीएवढी असते. प्रोजेक्टरवर वीतभर उंचीची होती.

पहिल्या रांगेतले एक शेठ इंग्रजी वाचणारे निघाले. त्यांनी मोठ्याने वाचलं, मग सावकाश मराठीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. आणि वर म्हणाले, "काय साहेब, आम्हाले शिकवून राह्यले, आन् तुमचाच काटा खोटा?"

सगळं सभागृह हसलं. मागचे शेतकरीसुद्धा.

साहेब घाबरले नाहीत, कारण घाबरावं असं त्यांच्या मते काही नव्हतंच. "एक मिनिट," म्हणाले. "माझ्यापाशी परवाना आहे. माझ्या नावानं." आणि त्यांनी ती माहितीची खिडकी उघडली. वर लाल पट्टी, 'विनापरवाना प्रत'. खाली परवानाधारक, खोब्रागडे. दोन्ही एकाच पडद्यावर. आता तर लोक मांड्यांवर हात मारून हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "चोरीवर नाव टाकनारा पह्यल्यांदा पाह्यला बाप्पा!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंदाताई, तुम्ही टाकलं हे. सांगा ना यायले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला उठून एवढंच म्हणायचं होतं: मी टाकलं, चोरीचं टाकलं, त्यांना माहीत नव्हतं. तीन छोटी वाक्यं. त्याऐवजी माझ्या तोंडून आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य निघालं. "इंटरनेटचा प्रॉब्लेम आहे, साहेब. सर्व्हरमुळे तसं दाखवतं कधीकधी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर्व्हरवर सगळ्यांचा विश्वास असतो. पण साहेब माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि मग त्यांनी लॅपटॉप बंद केला. "काटा तपासल्याबिगर मी पुढचं बोलणार नाही," म्हणाले आणि मंचावरून उतरले. मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नव्हती. तरी मी मांडीवरचे कागद व्यवस्थित जुळवत बसले होते, जसं काही ते काम फार महत्त्वाचं होतं.

पंधरा दिवस साहेब फिरकले नाहीत. मग मीनाक्षीचा राजूरहून फोन आला. "ताई, बाबांनी लिखाण बंद केलं. वहीसुद्धा उघडत नाहीत. चौकात कोणी काही बोललं म्हणून बाजारातही जात नाहीत. पुस्तक छापायचं नाही म्हणतात. तुम्ही काही सांगून पाहता का?"

मी गेले. साहेब आपल्या घरच्या पडवीत बसले होते. समोर त्यांची जुनी लाकडी पेटी, त्यात पितळी प्रमाण वजनं मखमलीवर ओळीने. ती ते पुसत होते. मी उभ्या उभ्याच तीन वाक्यं बोलून टाकली, जी तेव्हा बोलायला हवी होती.

"मले माहीत आहे," साहेब म्हणाले. "सर्व्हर म्हणाल्या तेव्हाच समजलं. बत्तीस वर्षं मी आधी दुकानदाराचं तोंड पाहत होतो, काटा मागून."

"मग पहिल्याच दिवशी का नाही कळलं, साहेब? माझं तोंड तर समोरच होतं."

त्यांनी हातातलं वजन पेटीत ठेवलं. "तुम्ही माझं नाव दाखवलं ना. माणसाले आपलं नाव छापलेलं दिसलं का थो बाकीचं पाहत नाही. एकेचाळीस तऱ्हा पकडल्या मी. ही माहीत नव्हती."

मग ते उठले, आत जाऊन चप्पल घातली आणि म्हणाले, "चला. दुकान उघडा."

त्यांनी माझ्या दुकानाची तपासणी केली. मी विनोद करत नाही. खुर्ची ओढून बसले, वही काढली, दोन पानांत कार्बन घातला आणि दुकानातल्या पाचही मशीनवरचा एकेक प्रोग्राम मला उघडायला लावला. "हे काय? याची मुद्रा? नाही? लिहितो, नाही." गिऱ्हाइकं येत होती, दाराशी थबकत होती, ऐकून निघून जात होती. दोन तासांनी वहीत तेवीस 'नाही' झाले आणि एक 'आहे'. तो एक 'आहे' म्हणजे माझा कोल्हा.

"हा कसा काय खरा?" साहेबांनी विचारलं.

"तो फुकटच आहे, साहेब."

"फुकट म्हणजे? कोणी दिला? लिहून दिलं का?"

मी त्याच्या परवान्याचा मजकूर छापून दिला. मग तुमच्या लिखाणासाठीही असाच एक प्रोग्राम आहे, म्हणून त्याचाही छापला. इंग्रजीतली पानंच्या पानं. ती मी बावीस वर्षांत कधी वाचली नव्हती, 'मान्य आहे' दाबून पुढे जायचे. साहेब शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचत बसले. चौथ्या दिवशी दुकानात आले. प्रत्येक पानावर लाल पेनच्या रेघा. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"मंदाताई, यानं तं लेखी दिलं आहे. घ्या म्हणते. वापरा म्हणते. नकला काढा आन् शेजाऱ्याले द्या म्हणते. असं कोणी लिहून देते का जी? मी नोकरीत पाह्यलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "हे समोर वाढून ठेवलं होतं, मंग तुम्ही चोरून काहून आणलं?"

"फुकटचं कुणी घेत नव्हतं, साहेब."

हे ऐकून साहेब त्या पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा हसले. पण मला काही हसू आलं नाही.

मी त्यांच्या लॅपटॉपवर बदक बसवलं, लिखाणाचा फुकटचा प्रोग्राम बसवला. जुनी फाइल नव्यात उघडली तेव्हा सगळे तक्ते गाड्या कलंडल्यासारखे झाले होते. तेरावी तऱ्हा सव्विसाव्या तऱ्हेत घुसली होती. फुकटच्या प्रोग्रामचं मी उगाच कौतुक करणार नाही, त्यालाही वळण लावावं लागतं. आम्ही दोघांनी महिनाभर रोज दुपारी बसून एकेक पान सरळ केलं.

पेन ड्राइव्ह मी साहेबांसमोर हातोड्याने फोडला. त्याने जगात काही फरक पडला असं नाही. समोरच्या दुकानात त्याचीच नक्कल चालते, मीच दिली होती. माझी निम्मी गिऱ्हाइकं आता तिकडे जातात आणि जाताना माझ्याकडे बघत नाहीत. गजाननभाऊ मात्र टिकले. परवा त्यांनी कॉम्प्युटर आणला, म्हणाले, "बरं टाका थे बदक. पन ताई, खालचं लिव्हलेलं राहू द्यान." बदकाला तशी ओळ नसते, हे त्यांना पटवता पटवता माझी दुपार गेली.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी साहेब आले. "एक तऱ्हा वाढली," म्हणाले. "बेचाळिसावी. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. प्रोग्राम बसवताना एक चौकट येते, तिच्यात काहीही लिहिता येतं. माणसाला त्याचं स्वतःचं नाव दाखवायचं, म्हणजे तो मुद्रा पाहायचं विसरतो. सभागृहाचा प्रसंगही आला, लोक हसले तेही आलं, सर्व्हरही आला. काही वगळलं नाही आणि काही वाढवलंही नाही. निरीक्षकाचा अहवाल असावा तसा. माझी बोटं दोन-तीनदा थांबली, तेव्हा साहेबही थांबले. घाई केली नाही.

शेवटचं वाक्य असं होतं: 'हे काम मारेगाव येथील दुकानदार' आणि पुढे, 'यांनी केले.' मधे साहेब काही बोललेच नाहीत.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

"थे तुम्ही पाहा," साहेब म्हणाले. "मी जागा सोडली आहे. कोरी राह्यली तरी पुस्तक छापलं जाईन."

कर्सर त्या मोकळ्या जागेत लुकलुकत होता. मी तिथे माझं नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. साहेबांनी चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन वाचलं, सावकाश, एकेक अक्षर.

"बरोबर आहे," म्हणाले. "सेव्ह करा."